मूकपटांच्या काळातले प्रसिद्धी-फोटो : आधी पाठ बघा

कृष्णधवल:

सुरुवात स्वतःच्या फजितीनेच करतो. चार वर्षांपूर्वी एका ऑनलाइन लिलावात मूकपटांतला नट व्हॅलेंटिनो याचा फोटो घेतला. आठ बाय दहा इंच, डोळे अर्धवट मिटलेले, केस चापून बसवलेले, खाली कोपऱ्यात झोकदार सही. विकणाऱ्याने 'अस्सल, १९२५ च्या सुमाराचा' असं लिहिलं होतं. पाठीचा फोटो त्याने टाकला नव्हता आणि मीही मागितला नाही. पाकीट फोडलं, फोटो हातात घेतला, कडेने जरासा वाकवला आणि पोटात खड्डा पडला. तो कागद नव्हताच, चिवट प्लॅस्टिक होतं. आर.सी. पेपर म्हणतात तो, कागदाच्या दोन्ही अंगांना प्लॅस्टिकचा थर दिलेला. तो बाजारात यायला साठचं दशक सरत आलं होतं. व्हॅलेंटिनो गेला २३ ऑगस्ट १९२६ ला. सही भिंगाखाली धरली तर तिला शाईच नाही! मूळ सही केलेल्या फोटोचा कोणीतरी फोटो काढून छापला होता.

तेव्हापासून मला फोटो उलटा धरून बघायची खोड लागली. चेहऱ्याची नक्कल कोणीही काढेल. पाठीवर जो पसारा असतो त्याची नक्कल करायला मात्र भलतीच चिकाटी लागते. छायाचित्रकाराचा रबरी शिक्का, वर्तमानपत्राच्या ग्रंथालयाचा 'मिळाला' म्हणून मारलेला तारखेचा शिक्का, पेन्सिलीने खरडलेली मापं, छापून आलेलं कात्रण चिकटवलेलं, वाळून तपकिरी झालेली खळ. आणि सगळ्यात मोलाची ती चिठ्ठी. स्टुडिओच्या प्रसिद्धी खात्याने टाइप करून चिकटवलेली, नट कोण, चित्रपट कोणता, प्रसंग काय हे सांगणारी. संग्राहक तिला 'स्नाइप' म्हणतात.

आता मुद्द्याचा फोटो, ज्यासाठी हा धागा काढला. गेल्या महिन्यात वीस-पंचवीस फोटोंचा एक गठ्ठा घेतला, त्यात हा निघाला. एक बाई जिन्याच्या पायरीवर बसली आहे. आखूड कापलेले केस, ओठ जवळजवळ काळे, डोळे इतके फिके की आंधळी वाटावी. मागे जाड पडदा, त्याच्या काठाला गोंड्यांची रांग, त्यातला डावीकडून तिसरा गोंडा गायब. उजव्या कोपऱ्यात पांढऱ्या अक्षरात २४७-६१. पाठीवर चिठ्ठी आहे, पण निम्मी फाटलेली. उरलेल्या दीड ओळीचा अर्थ एवढाच लागतो : 'लग्नाच्या आदल्या रात्री ती परत'. पुढे काही नाही. स्टुडिओचं नाव नाही, नटीचं नाही.

कोणी ओळखता का? दोन्ही बाजूंचे स्कॅन जोडले आहेत.

रीळवेडी:

आखूड केस बघून आता दहा जण 'लुईझ ब्रूक्स' (आखूड केसांसाठी गाजलेली नटी) म्हणून नाचत येतील, म्हणून आधीच सांगते : नाही. ब्रूक्सच्या भुवया सरळ, कपाळावरची झालर भुवयांच्या वर सरळ कापलेली. हिचे केस कुरळे आहेत, नुसते आखूड. तसा तो बॉब, म्हणजे आखूड केसांची फॅशन, नटी कोलीन मूरने १९२३ मध्येच लोकप्रिय करून ठेवला होता, ब्रूक्स पडद्यावर यायच्या आधी. त्यानंतर हॉलिवूडमधल्या निम्म्या मुलींनी केस कापले. त्यामुळे केसांवरून साल फार तर १९२३ च्या पुढे सरकवता येईल, नाव नाही.

बार्बरा ला मार असेल असं क्षणभर वाटलं होतं, पण जिवणी जुळत नाही.

हायपो:

मी प्रिंट करणाऱ्यांच्या जातीतला, चेहरे मला ओळखू येत नाहीत. कागदावर बोलतो.

फिके डोळे आणि काळे ओठ हा मेकअपचा दोष नाही (अगदीच नाही असंही नाही). त्या काळची ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म लाल रंगाला आंधळी होती. लाल काहीही असलं की ते काळं उमटायचं, निळं असेल ते पांढरं पडायचं. म्हणजे तुमच्या बाईचे डोळे निळे असणार. १९२६-२७ च्या सुमारास सिनेमावाले लालसकट सगळे रंग टिपणाऱ्या पॅन्क्रोमॅटिक फिल्मकडे वळले आणि ही भुताटकी कमी झाली. स्टिलवाल्यांनी फिल्म कधी बदलली ते स्टुडिओगणिक वेगळं, त्यामुळे हा पुरावा नाही, अंदाज आहे.

कोपऱ्यातले आकडे पांढरे का? निगेटिव्हवर काळ्या शाईने लिहिलेलं कागदावर पांढरं उमटतं. आकडा निगेटिव्हवरच आहे, ही चांगली खूण आहे.

आता एक करा. जांभळा टॉर्च मिळतो ना, नोटा तपासायचा, तो अंधाऱ्या खोलीत फोटोवर मारा, पाठीवरही. कागद निळसर पांढरा झगमगला तर विसरा. फोटोच्या कागदात चकाकी आणणारी रसायनं पन्नासच्या दशकाच्या आसपास घालायला लागले, त्याआधीचा कागद मंद, मळकट दिसतो. उलटं मात्र खरं नाही. झगमगला नाही म्हणजे जुनाच, असं धरू नका. नंतरचेही बरेच कागद गप्प बसतात.

नवशिका_भिडू:

वाचतोय. वाचनखूण साठवली. दोन बावळट प्रश्न. १) स्टिल आणि पोर्ट्रेट यात फरक काय? दोन्ही फोटोच ना? २) सही असलेला फोटो घ्यावा की नाही?

कृष्णधवल:

बावळट कसले, मी हे प्रश्न न विचारताच खरेदी सुरू केली होती.

स्टिल म्हणजे सेटवर काढलेला प्रसंगाचा फोटो. पुष्कळांना वाटतं तो चित्रपटाच्या रिळातून उचललेला असतो. तसं नाही. शॉट संपला की दिग्दर्शक थांबायला सांगे, स्टिलवाला आपला आठ बाय दहाचा धिप्पाड कॅमेरा तिकाटण्यावर घेऊन पुढे येई आणि नटमंडळी तोच प्रसंग पुन्हा धरून पुतळ्यासारखी उभी राहत. म्हणून स्टिलमधला कोन पडद्यावरच्या कोनाशी जुळत नाही, कधीकधी तर पडद्यावर नसलेलाच प्रसंग असतो. पोर्ट्रेट म्हणजे स्टुडिओच्या गॅलरीत किंवा बाहेरच्या छायाचित्रकाराकडे बसून काढलेला, दिवे लावून, फुरसतीने.

नंबराचं म्हणाल तर स्टिलवर सहसा दोन आकडे असतात. पहिला चित्रपटाचा, दुसरा त्या चित्रपटातल्या फोटोचा. माझा म्हणजे २४७ व्या कुठल्याशा चित्रपटातला ६१ वा. गोची अशी की प्रत्येक स्टुडिओची मोजणी वेगळी. २४७ अनेकांकडे असणार.

सहीबद्दल : घ्या, पण सहीसाठी जास्तीचा एक पैसाही देऊ नका, जोवर त्या सहीचा अभ्यास नाही. स्टुडिओत चाहत्यांच्या पत्रांचा पाऊस पडायचा. नटी क्लारा बो हिला महिन्याला हजारोंनी पत्रं येत. ती एकटी बसून सह्या करत असेल असं वाटतं? अशा ताऱ्यांच्या सह्या चिटणीस करत, कुणाची आई करे, कुणाची बहीण. कधी रबरी शिक्का, कधी निगेटिव्हवरच एकदा सही करून सगळ्या प्रतींवर छापलेली. निगेटिव्हवरची असेल तर ती कोपऱ्यातल्या आकड्यासारखी पांढरी दिसते. तिरक्या उजेडात धरा. खरी शाई कागदावर वेगळी चमकते, पेनच्या टोकाचा ओरखडाही जाणवतो. ग्रेटा गार्बो तर सही द्यायलाच नाराज, म्हणून तिची सही दिसली की मी आधी संशय घेतो, मग फोटो बघतो.

सोनटक्का:

मला स्टिल्सपेक्षा पोर्ट्रेट्सचं वेड, त्यामुळे थोडं त्या बाजूने. कोपऱ्यात नाव असतं ते बघत चला. 'विट्झेल, एल.ए.' असं दिसलं की मी थांबतेच. लॉस एंजेलिसमधला आल्बर्ट विट्झेल, थेडा बारापासून कितीतरी जण त्याच्यासमोर बसले. हार्टसूक, मेलबोर्न स्पर, नेल्सन इव्हान्स ही त्याच गावातली दुसरी नावं. पॅरामाउंट स्टुडिओसाठी यूजीन रॉबर्ट रिची. लुईझ ब्रूक्सचा तो काळ्या पार्श्वभूमीवर मोत्यांची लांब माळ घातलेला १९२८ चा फोटो त्याचाच. काळ्यावर काळा पोशाख. चेहरा, हात आणि माळ एवढंच वर तरंगतं.

पण माझी लाडकी रूथ हॅरिएट लुईझ. १९२५ मध्ये एमजीएम स्टुडिओने तिला पोर्ट्रेट गॅलरी सोपवली तेव्हा तिचं वय फक्त बावीस. त्या काळात हॉलिवूडच्या बड्या स्टुडिओत हे काम करणारी बाई म्हणजे तीच. गार्बो अमेरिकेत नवीन होती तेव्हाची तिची कितीतरी पोर्ट्रेट्स हिची. हिच्या पद्धतीत एक गंमत आहे : बऱ्याचदा पूर्ण किंवा अर्धी आकृती टिपायची आणि नंतर प्रिंट करताना चेहऱ्यापर्यंत कातरायची. त्यामुळे एकाच निगेटिव्हचे दोन फोटो दोन वेगळ्या बैठकींचे वाटतात. माझ्याकडे असे दोन आहेत आणि दीड वर्ष मी त्यांना वेगळं समजत होते. शेवटी गळ्यातल्या साखळीच्या वळशावरून कळलं!

पोर्ट्रेटचा कागद हातात घेतला की जाड लागतो, डबलवेट म्हणतात. पुष्कळदा मॅट, तपकिरी छटेचा. पेपरवाल्यांना वाटायचे ते स्टिल पातळ आणि चकचकीत, कारण छपाईचे ब्लॉक करायला चकचकीत बरे. रिटचिंग (चेहऱ्यावरची डागडुजी) बघायचं असेल तर तिरक्या उजेडाचा उपयोग नाही, ते निगेटिव्हवर पेन्सिलीने आणि धारदार पात्याने केलेलं असतं. भिंगाने गालावर बघा. सुरकुती जिथे असायला हवी तिथे अगदी बारीक पेन्सिलीचे ठिपके दिसतील.

तिरपागडा:

सगळं ठीक, पण रीप्रिंटवर एवढं नाक का मुरडता तेच कळत नाही. चेहरा तोच, प्रकाश तोच. माझ्या भिंतीवर चॅप्लिन, कीटन, गार्बो तिघंही आहेत, तिन्ही नवे प्रिंट, आणि मला रोज आनंद देतात. पाठ कोण बघतो? तुम्हा लोकांना सिनेमा आवडतो की डिंकाचे डाग?

कृष्णधवल:

तिरपागडे साहेब, डिंकाचे डागही आवडतात, कबूल. आणि भिंतीवर नवाच प्रिंट लावावा याला माझं +१. माझ्याही भिंतीवर नवेच आहेत. तक्रार नव्याला जुनं म्हणून विकण्याची आहे.

पण 'चेहरा तोच' हे मात्र खरं नाही. हायपो, तुम्हीच सांगा.

हायपो:

चेहरा तोच नसतो. मूळ निगेटिव्ह आठ बाय दहाची, आणि प्रिंटही आठ बाय दहाचा. म्हणजे कागद निगेटिव्हला चिकटवून उजेड दिला, मोठं करणं वगैरे भानगड नाही. याला कॉन्टॅक्ट प्रिंट म्हणतात. निगेटिव्हमध्ये जे होतं ते सगळं उतरतं. भिंग लावा आणि पापण्या मोजा, खरंच मोजता येतात. लेसचा दोरा न् दोरा सुटा दिसतो. आता त्या प्रिंटचा फोटो काढून त्यावरून नवा प्रिंट केला की पापण्यांचा एक काळा पट्टा होतो, काळ्या कोटाची घडी नाहीशी होते, पांढरी कॉलर भाजून निघते. लांबून बघताना कळणार नाही. एकदा जवळून बघितलंत की मग लांबूनही कळायला लागतं, हीच अडचण आहे.

मूळ निगेटिव्हवरून नंतर कधीतरी काढलेला प्रिंट असू शकतो, तो सुंदरही असतो, फक्त त्याला त्या काळचा म्हणू नये. आणखी एक खूण : जुन्या प्रिंटच्या गडद भागावर, विशेषतः कडांना, तिरकं धरल्यावर निळसर चंदेरी झाक येते. चांदी वर येऊन बसते. लोक ते खराबी समजून पुसायला जातात. पुसू नका!

आणि भिंतीवरच्या फ्रेमबद्दल, तिरपागडे, नवे असले तरी काचेला टेकवू नका. फोटोचा वरचा थर जिलेटिनचा असतो. हवा दमट झाली की तो मऊ पडतो आणि काचेला धरतो. माझ्याकडे एकाने गार्बोसारखी दिसणारी कोणीतरी आणून दिली होती. फ्रेम उघडली तर हनुवटी आणि अर्धा खालचा ओठ काचेवर राहिला. मध्ये पुठ्ठ्याची चौकट घाला म्हणजे दोघांत हवा राहते.

नवशिका_भिडू:

बापरे. मग ठेवायचे कशात? माझ्याकडे चार आहेत, शाळेच्या फाईलच्या प्लॅस्टिकमध्ये.

हायपो:

आधी काढा त्यातून. ते मऊ, वास येणारं प्लॅस्टिक पीव्हीसीचं असतं, त्यातून जे बाहेर पडतं ते फोटोला खातं. पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनची पाकिटं घ्या, नाहीतर आम्लविरहित कागदाची. सेलोटेप नको, लॅमिनेशन तर स्वप्नातही नको. पाठीवर काही लिहायचंच असेल तर मऊ पेन्सिल, हलक्या हाताने, कडेला. आणि कसर! तिला जिलेटिन फार आवडतं.

रीळवेडी:

तिरपागडे काकांच्या 'पाठ कोण बघतो'ला माझंही उत्तर. थेडा बारा घ्या. फॉक्सची सगळ्यात मोठी तारका, चाळीस चित्रपट केले. प्रसिद्धी खात्याने बाईंचा जन्म सहाराच्या वाळवंटात घातला होता, प्रत्यक्षात बाई सिनसिनाटीच्या, नाव थिओडोशिया गुडमन. ९ जुलै १९३७ ला न्यू जर्सीतल्या लिटल फेरीच्या गोदामाला आग लागली आणि फॉक्सच्या नायट्रेट रिळांचा (ही फिल्म सहज पेट घेते) कोळसा झाला. १९१७ च्या 'क्लिओपात्रा'चे आज काही सेकंद उरलेत. बाकी ती क्लिओपात्रा आपल्याला दिसते ती फक्त स्टिल्समध्ये.

लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०१३ मध्ये हिशोब मांडला होता : अमेरिकेत जवळपास ११ हजार मूक कथापट निघाले, त्यातले मूळ ३५ मिमी रूपात उरलेले १४ टक्के. लॉन चेनीचा १९२७ चा 'लंडन आफ्टर मिडनाइट' १९६५ मध्ये एमजीएमच्या गोदामाच्या आगीत गेला, आणि २००२ मध्ये त्याची जी पुनर्बांधणी झाली ती निव्वळ स्टिल्स एकापुढे एक लावून. ती करता आली कारण कोणत्या फोटोनंतर कोणता, हे पटकथेने सांगितलं. अशा वेळी पाठीवरच्या चिठ्ठीतली दीड ओळही पुरावा असते.

तिरपागडा:

हे माहीत नव्हतं. माघार. (गार्बोला काचेपासून सोडवतोय.)

सोनटक्का:

अवांतर : ज्यांना आठ बाय दहा झेपत नाहीत त्यांनी पोस्टकार्डांकडे वळावं. बर्लिनच्या रॉस फेरलागची कार्डं सुंदर असतात, खाली नंबर असतो, त्यापुढे तिरकी रेघ मारून '/१' असा मालिका-क्रमांकही. अमेरिकन तारे, जर्मन तारे, सगळे. कंपनी काढणारा हाइनरिख रॉस ज्यू होता, नाझींच्या काळात ती त्याच्या हातातून काढून घेतली गेली, पुढे नावही पुसलं गेलं. कार्डावर 'रॉस' आहे की नुसतं 'फिल्म-फोटो-फेरलाग', यावरूनही काळ लागतो.

आणि कृष्णधवल, चेहरा ओळखायला जुनी चाहत्यांची मासिकं चाळा. 'फोटोप्ले', 'मोशन पिक्चर' यांचे अंकच्या अंक मीडिया हिस्टरी डिजिटल लायब्ररीवर फुकट आहेत. चेहरा शब्द टाकून शोधता येत नाही, पानं उलटायला लागतात. मी अशा दोन नट्या ओळखल्या आहेत, एक पावडरच्या जाहिरातीत सापडली.

आडवाटेने:

नेहमी नुसता वाचतो, आज लिहायला लागतंय.

कृष्णधवल, तुमचा स्कॅन बघून मी काल रात्री माझी पेटी उपसली. माझ्याकडे एक फोटो आहे, २४७-३८. एक म्हातारा आणि एक तरुण टेबलाशी उभे, म्हाताऱ्याच्या हातात कागद. इतके दिवस कधी नीट बघितलं नव्हतं, कारण दोघेही ओळखीचे नाहीत. मागे पडदा आहे. गोंडे मोजले. डावीकडून तिसरा नाही.

आकड्यांचं वळणही तेच दिसतंय, सातच्या पोटात आडवी रेघ. पण माझ्या फोटोच्या डाव्या कडेला दोन भोकं आहेत आणि मागे कापड चिकटवलेलं आहे. म्हणून पाठ दिसत नाही.

कृष्णधवल:

आडवाटेने, मी हे तीनदा वाचलं!

भोकं आणि कापड म्हणजे तो कीबुकमधला. स्टुडिओ प्रत्येक चित्रपटाच्या स्टिल्सचा एक संच क्रमाने बांधून ठेवायचा, पानं फाटू नयेत म्हणून मागे कापड लावून. म्हणजे तुमचा फोटो स्टुडिओच्या स्वतःच्या वहीतून आलाय, माझा कुठल्या तरी पेपरातून. कापड काढू नका, हायपो ओरडतील. कडेला कुठे काही लिहिलंय का, तिरक्या उजेडात बघाल का?

हायपो:

ओरडणारच. कापड काढायचं नाही. टॉर्च फोटोच्या पातळीत, जमिनीला समांतर धरा, मागून नव्हे. पेन्सिल खोडली असेल तरी कागदावर दाब राहतो.

आडवाटेने:

बघितलं. कापडावरच पेन्सिलीने काहीतरी आहे, फार पुसट. पहिलं अक्षर वाचता येत नाही, मग 'रील ४'. त्याखाली 'रद्द' अशा अर्थाचा एक शब्द, त्याला अधोरेखित केलंय. चित्रपटाचं नाव नाही.

रीळवेडी:

म्हणजे हा प्रसंग कापला गेला असेल? किंवा फक्त तो फोटो वाटायचा नाही असं ठरलं असेल. प्रसिद्धीवाले नापसंत स्टिल अशीच मारून टाकायचे.

म्हाताऱ्याचा चेहरा टाका ना मोठा करून. नट्या बदलत राहिल्या, पण म्हातारे तेच असायचे, दहा-दहा चित्रपटांत तोच बाप, तोच न्यायाधीश. बाई नाही सापडली तर बापावरून शोधू.

आडवाटेने:

टाकला. भिंगातून काढलाय, जरा हलला असेल. डाव्या भुवईवर एक खूण आहे, ती डाग नाही, प्रिंटच्या आतच आहे.

सोनटक्का:

थांबा, ही भुवई मी बघितली आहे. कुठे ते आठवत नाही. मासिकं पुन्हा उघडते.